व्हर्टिकल माऊस: कोपर सुटलं, पण त्या रबराने वात आणला

बाकी कौतुक नंतर, आधी त्या रबराचं सांगते. हा उभा धरायचा माऊस घेतला तेव्हा ते काळं मऊ कोटिंग हाताला इतकं छान लागायचं, आणि पावसाळा सुरू झाला तसं अंगठ्याच्या जागी चिकट व्हायला लागलं. जुलैअखेर तर फणसाचा चीक लागल्यासारखी बोटं. धूळ, केस, खारीचा चुरा, सगळं त्यावर बसणार. ऑफिसात एसी आहे पण शनिवारी दुपारी बंद होतो तो सोमवारपर्यंत, आणि ठाण्याची हवा काय सांगायची. हे कोटिंग पॉलियुरेथेनचं असतं, दमट हवेत ते हळूहळू कुजतं, जुन्या कॅमेऱ्यांच्या आणि रेडिओंच्या रबराचंही हेच होतं. मग मुंबई-कोकणात विकायच्या वस्तूला ते लावतातच कशाला?

सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला, मॅडम क्लिक चालतंय ना, बाहेरचा भाग वॉरंटीत येत नाही. अहो पण मी बाहेरचाच भाग धरते ना! चौदाशे रुपये मोजलेत, साधा माऊस तीनशेत येतो.

तरी फेकला नाही, कारण कोपर. मी अकाउंट्सला आहे. १४ तारखेला जीएसटीचं २बी (खरेदीवरच्या टॅक्स क्रेडिटची यादी) आलं की २० च्या आत ३बी (महिन्याचं रिटर्न) भरायचं, मधले दिवस एक्सेलमध्ये बिलं जुळवण्यात जातात. उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला अशी कळ यायची की ओला टॉवेल पिळता येईना. डॉक्टर म्हणाले टेनिस एल्बो. साध्या माऊसवर तळवा जमिनीकडे आणि मनगट वर उचललेलं, त्यात क्लिकसाठी बोट सारखं अधांतरी, त्यामुळे हाताच्या वरच्या बाजूचे स्नायू दिवसभर ताणलेले राहतात आणि ते सगळे कोपराला त्याच हाडाशी येऊन मिळतात. या माऊसवर हात शेकहँड केल्यासारखा उभा राहतो, महिन्याभरात फरक पडला. सुरुवातीला मात्र वैताग येतो. क्लिक आडवं दाबावं लागतं त्यामुळे माऊसच सरकतो आणि शेजारचा सेल सिलेक्ट होतो, आणि घाईत हात नेला की आडवा पडतो तो वेगळाच.

इथपर्यंत गेल्या आठवड्यात लिहून ठेवलं होतं, आता मत थोडं बदललंय. मधे दुसऱ्या ब्रँचला बसले, तिथे उजवीकडचा आकड्यांचा नंबरपॅड नसलेला छोटा कीबोर्ड आणि साधा तीनशेवाला माऊस, तरी हात दुखला नाही! म्हणजे अर्धं श्रेय अंतराचं. नंबरपॅडमुळे माऊस लांब जातो, मग दिवसभर हात बाहेर ताणलेला. पण व्हाउचर एंट्रीला नंबरपॅड हवाच, म्हणून आता वेगळा यूएसबीवाला पॅड घेऊन डावीकडे ठेवलाय. डाव्या हाताने आकडे मारायला वेळ लागतो, पण जमतं. कीबोर्डचे मागचे पायही मिटवले, त्याने मनगट सरळ राहतं. टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, तर माऊस लागतच नाही, पेमेंटला एफ५, जर्नलला एफ७, सेव्हला कंट्रोल ए, झालं काम.

एक मात्र लक्षात घ्या, अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होत असेल, रात्री मुंग्यांनी जाग येत असेल तर ते प्रकरण वेगळं, मनगटात दबणाऱ्या नसेचं. माऊस बदलून बघू म्हणत थांबू नका, डॉक्टरकडे जा. मनगटाखाली ती जेलची उशी ठेवून टायपिंगही करू नका, दाब नेमका तिथेच येतो.

रबराचं शेवटी मीच केलं. मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं, कापसाने घासलं, काळा लगदा निघाला आणि खालून करडं प्लास्टिक. दिसतो भिकार, पण कोरडा ठणठणीत. हेच कंपनीने आधी केलं असतं तर काय बिघडलं असतं?

स्टार तीन, कोटिंग नसतं तर साडेचार. घ्यायचाच तर कडक प्लास्टिकचा बघा, हात लहान असेल तर दुकानात धरून बघा नाहीतर अंगठा ताणला जातो, आणि डावखुऱ्यांनो, तुमच्यासाठी फार कमी मॉडेल्स येतात, ऑर्डर करताना नीट वाचा.