हेवीवर खोली घेताय? आधी खरा मालक कोण ते बघा

हेवी म्हणजे काय ते मुंबईबाहेरच्यांसाठी सांगते. खोलीच्या मालकाला तीन-चार लाख एकदम द्यायचे, महिन्याचं भाडं द्यायचं नाही आणि खोली सोडताना सगळी रक्कम परत घ्यायची. दरमहा सहा-सात हजार काढताना ज्यांचा जीव जातो, त्यांना हे फार परवडतं.

माझी मावशी चेंबूरला घरकाम करते. मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतीत तळमजल्यावर भाड्याने राहायची. २२५ चौरस फुटांची खोली, समोरची इमारत जेमतेम तीन मीटरवर. भर दुपारी ट्यूब लावल्याशिवाय तांदूळ निवडता येत नसत, भिंतीला बारमाही ओल. मुलाला टीबी झाला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, घरात ऊन येतं का? त्यानंतर एजंटाने त्याच वसाहतीत वरच्या मजल्यावरची, रस्त्याकडे खिडकी असलेली खोली दाखवली. फसलेल्याला लोभी म्हणायची आपल्याकडे खोड आहे. हिला उजेड हवा होता, बस.

भिशी उचलली, गंठण मोडलं, चार लाख उभे केले. एक लाख जीपेने, बाकी रोख, कारण 'मालकाला रोखच लागते'. नोटरीचा अकरा महिन्यांचा कागद झाला. रजिस्टर का नाही म्हटल्यावर एजंट म्हणाला, इथे कोणीच करत नाही. हे खरंच होतं, आणि सगळी गोम तिथेच आहे. झोपडीच्या बदल्यात मिळालेली खोली ठरावीक वर्षं विकता येत नाही, भाड्यानेही देता येत नाही. म्हणून खरे मालकही कागद नोंदवत नाहीत, आणि त्या आडोशाला खोटे मालक उभे राहतात.

पैसे घेणारा स्वतःच भाडेकरू निघाला. पावसाळ्यानंतर त्याच खोलीचा तसाच कागद घेऊन दुसरं कुटुंब सामानासकट दारात आलं. ज्यांच्या नावावर खोली होती ते गावी. भाडं थांबलं म्हणून तेही आले.

चौकीत आधी 'हा दिवाणी मामला' असं ऐकवलं. त्याच माणसाने फसवलेले आणखी लोक एकत्र आले तेव्हा न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली गुन्हा नोंदला. पुराव्याला मात्र जीपेचा लाखच आहे.

खोली बघायला जाल तेव्हा वाटपपत्र, म्हणजे खोली कोणाच्या नावे दिली त्याचा कागद, मागा, त्यावरचं नाव लाइट बिलाशी आणि सोसायटीच्या मेंटेनन्स पावतीशी जुळवा, आणि एजंट नसताना शेजारी जाऊन विचारा. शेजाऱ्यांना सगळं माहीत असतं. रक्कम बँकेतूनच द्या, तीही कागदावर ज्याचं नाव आहे त्याच्याच खात्यात. भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. सरकारी खर्च साधारण दोन हजारांच्या आत बसतो. मालक नोंदणीला नाहीच म्हणाला तर लाखांची रक्कम देऊ नका, महिन्याच्या भाड्याने राहा. जास्त पडतं, पण बुडालं तर एक-दोन महिन्यांचं बुडतं.

मावशीला ती खोली सोडावी लागली. पैसे घेणारा जामिनावर आहे. एजंट त्याच नाक्यावर बसतो, विचारलं की म्हणतो, मी फक्त खोली दाखवली.