आइन्स्टाइन ॲट होम: रिकाम्या कॉम्प्युटरला लावून दिलेलं काम

कॉम्प्युटर चालू आहे आणि काहीच करत नाहीये, हे मला बघवत नाही. हिशेबतपासणीत आयुष्य गेलं की अशी खोड लागते. म्हणून ‘आइन्स्टाइन ॲट होम’ बसवलं, म्हणजे अनेक लोकांच्या घरच्या कॉम्प्युटरांवर खगोलशास्त्राची आकडेमोड वाटून देणारा प्रकल्प. फुकट आहे. ‘बॉइंक’ नावाचा प्रोग्रॅम उतरवायचा, यादीतून प्रकल्प निवडायचा, ईमेल-पासवर्ड द्यायचा, की आपलं मशीन फावल्या वेळात पल्सार शोधायला लागतं. पल्सार म्हणजे गरगर फिरणारा न्यूट्रॉन तारा, मेलेल्या मोठ्या ताऱ्याचा अतिघट्ट गाभा. त्याचा झोत दर फेरीला आपल्यावरून गेला की ठोका मिळतो.

त्यासाठी इतके कॉम्प्युटर कशाला? १९६७ मध्ये केंब्रिजला जोसेलिन बेल या संशोधक विद्यार्थिनीला पहिला पल्सार सापडला तो कागदाच्या पट्ट्या डोळ्यांनी तपासताना. दर १.३३७ सेकंदांनी येणारा ठोका पेनाने कागदावर उमटत होता. ठळक पल्सार असे मिळून गेले. आता शोधायचे ते क्षीण. त्यात वाटेतल्या इलेक्ट्रॉनांमुळे ठोका पसरतो. जास्त कंप्रतेच्या लहरी आधी पोचतात, कमी कंप्रतेच्या मागून रेंगाळत येतात. नवा पल्सार किती लांब, हेच ठाऊक नसतं, तेव्हा तो ठोका किती पसरला हेही अंदाजानेच धरावं लागतं. शिवाय तो जोडीदाराभोवती फिरत असेल तर ठोके कधी दाट, कधी विरळ. प्रत्येक अंदाजाला दुर्बिणीची अख्खी नोंद नव्याने चाळायची! गॅमा किरणांत तर आणखी पंचाईत. अवकाशातल्या फर्मी दुर्बिणीला पल्सारच्या एका फेरीमागे एक फोटॉनही मिळत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षांचे सुटे फोटॉन जुळवून ताल काढावा लागतो.

मला सगळ्यात भावली ती पडताळणीची पद्धत. कामाचा एकच तुकडा दोन वेगवेगळ्या लोकांच्या मशीनवर जातो आणि उत्तरं जुळली तरच धरली जातात. (आमच्या धंद्यात इतकं झालं असतं तर!) २०१० मध्ये पोर्तो रिकोतल्या अरेसिबो रेडिओ दुर्बिणीच्या नोंदींतून या प्रकल्पाला पहिला रेडिओ पल्सार मिळाला, त्याचं श्रेय म्हणूनच अमेरिकेतलं एक जोडपं आणि जर्मनीतला एक जण असं विभागून गेलं. नाव पीएसआर जे२००७+२७२२, सेकंदाला जवळपास ४१ फेऱ्या. तो जंबुक तारकासमूहात आहे. बेलचा पल्सारही जंबुकातलाच.

स्क्रीनसेव्हर जरूर लावा. ताऱ्यांनी भरलेला आकाशाचा गोल सावकाश फिरत असतो, माहीत असलेले पल्सार जांभळे ठिपके होऊन दिसतात आणि आपलं मशीन या घडीला आकाशात कुठे शोधतंय तिथे नारिंगी खूण असते. बॉइंकची खिडकी मात्र रुक्ष. कामाचं भलंमोठं सांकेतिक नाव, किती टक्के झालं, किती वेळ उरला, बस्स. केलेल्या कामाबद्दल गुण मिळतात, पण त्यांचं काहीही येत नाही. ते नुसते मिरवायला.

खर्च नाही असं समजू नका. प्रोसेसर पूर्ण ताकदीने चालला की वीज जास्त लागते, लॅपटॉप तापतो, पंखा घुमायला लागतो. सेटिंगमध्ये जाऊन प्रोसेसरचा वापर निम्म्यावर आणा आणि ‘कॉम्प्युटर वापरात असताना थांबव’ हा पर्याय निवडा. वेळही ठरवून देता येते. जुन्या, आधीच धापा टाकणाऱ्या लॅपटॉपवर तर बसवूच नका. ग्राफिक्स कार्ड चांगलं असेल तर काम कितीतरी वेगाने उरकतं.

आणि अपेक्षा बेताची ठेवा. २००५ मध्ये हा प्रकल्प सुरू झाला तो फिरत्या न्यूट्रॉन ताऱ्यांकडून अखंड येणाऱ्या गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशालाच बसणारे बारीक हेलकावे, टिपण्यासाठी. त्या अजून हाती लागलेल्या नाहीत. पल्सार मात्र डझनांनी मिळाले. तुमच्या तुकड्यात बहुधा नुसता गोंगाटच निघेल. पण अमुक जागी अमुक तालाचं काही सापडलं नाही, ही नोंदसुद्धा कुणीतरी करायलाच हवी, आणि मला ती करायला आवडते.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो त्या खिडकीसाठी.