खोक्यावरचे वॅट दाखवून विकलेला जनरेटर

ॲम्प्लिफायर आतच बसवलेले व्यावसायिक स्पीकर, म्हणजे पॉवर्ड स्पीकर, घेताना फसवणूक स्पीकरमध्येच होते असे नाही; ती त्यांना लागणाऱ्या विजेच्या हिशेबातही होते. आमच्या नाट्यसंस्थेला चार स्पीकर विकणाऱ्या विक्रेत्याने नेमके हेच केले. स्पीकर चांगले होते आणि आजही उत्तम वाजतात. परंतु त्यांच्या खोक्यावरचा एक आकडा पुढे करून त्याने आम्हाला गरजेच्या कितीतरी पट मोठा जनरेटर घ्यायला लावला आणि जिथे खरोखर चांगला माल हवा होता, त्या केबलमध्ये आम्हाला सरळ सरळ लुबाडले.

खोक्यावर ठळक अक्षरांत ‘२००० वॅट’ छापलेले होते. चार स्पीकर, प्रत्येकी २००० वॅट, एकूण ८००० वॅट. म्हणून किमान १० केव्हीएचा, म्हणजे १०,००० व्होल्ट-अँपिअर क्षमतेचा, जनरेटर हवा, त्याहून लहान घेतलात तर ॲम्प्लिफायर जळतील आणि वॉरंटीही मिळणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. हे गणित ऐकणाऱ्याला सहज पटते, म्हणूनच ते खोडून काढणे मला आवश्यक वाटते. २००० वॅट हे ‘पीक’ मूल्य आहे. ॲम्प्लिफायर क्षणभर जास्तीत जास्त जेवढी शक्ती देऊ शकतो, तेवढेच ते सांगते. अखंड सुराच्या चाचणीत त्याच ॲम्प्लिफायरची सरासरी शक्ती याच्या निम्मी, म्हणजे १००० वॅट भरते. संगीत किंवा संवाद तर तेवढीही शक्ती सलग मागत नाहीत, कारण जोरदार ठोका आणि दोन ठोक्यांमधली शांतता यांची सरासरी फार खाली येते. ध्वनियंत्रांच्या सुरक्षेसाठीच्या आयईसी ६००६५ या आंतरराष्ट्रीय मानकात आणि त्याच्या जागी आलेल्या ६२३६८-१ मध्ये ॲम्प्लिफायर एक-अष्टमांश शक्तीवर चालवून वीजवापर मोजतात, तो याच कारणाने. १००० वॅटचा अष्टमांश १२५ वॅट होतो. क्लास डी या कमी वीज वाया घालवणाऱ्या प्रकारच्या ॲम्प्लिफायरमधला अपव्यय आणि आतल्या इलेक्ट्रॉनिक्सचा खर्च धरला तरी प्लगमधून प्रत्यक्षात ओढली जाणारी वीज २०० वॅटच्या आसपास राहते.

खरा आकडा स्पीकरच्या मागे, वायर खोचण्याच्या जागेशेजारच्या बारीक अक्षरांच्या पट्टीवर असतो. आमच्या स्पीकरवर तिथे २३० व्होल्ट, १.२५ अँपिअर असे लिहिलेले होते. चारही मिळून ५ अँपिअर, म्हणजे ११५० व्होल्ट-अँपिअर. हा आकडा वॅटपेक्षा मोठा दिसतो, कारण पॉवर फॅक्टर, म्हणजे वॅट आणि व्होल्ट-अँपिअर यांचे गुणोत्तर, सुधारणारे सर्किट नसेल तर तो ०.६ ते ०.७ इतकाच भरतो. जनरेटरची निवड व्होल्ट-अँपिअर पाहून करायची ती यासाठी. जोरदार बासकरिता अडीचपट वाव ठेवला तरी ३ केव्हीए आम्हाला पुरले असते. उलट मोठा डिझेल जनरेटर सतत अगदी कमी लोडवर चालला, तर इंधन नीट जळत नाही आणि इंजिनात काजळी साचत जाते. अनावश्यक क्षमतेचे नुकसान असे पुढेही सोसावे लागते.

आमची शंका फिटावी म्हणून विक्रेत्याने एक प्रात्यक्षिकही दाखवले, आणि मला सर्वांत जास्त चीड त्याचीच आहे. चारही स्पीकर एकाच एक्स्टेंशन बोर्डला लावून, त्यांची बटणे आधीच चालू ठेवून, त्याने मुख्य बटण दाबले. लगेच एमसीबी, म्हणजे जादा प्रवाह आला की लाइन आपोआप तोडणारा स्विच, पडला. “बघा साहेब, घरगुती लाइनला हा लोड झेपतच नाही,” असे तो म्हणाला. प्रत्यक्षात स्पीकर चालू होताना आतले कपॅसिटर भरण्यासाठी काही मिलिसेकंद मोठा प्रवाह ओढला जातो आणि चौघांचा तो प्रवाह एकाच क्षणी आला. बी प्रकारचा एमसीबी त्याच्या ठरलेल्या प्रवाहाच्या ३ ते ५ पटींना, तर सी प्रकारचा ५ ते १० पटींना तत्काळ पडतो. त्याच लाइनवर, त्याच एमसीबीवर, एकेक स्पीकर थोड्या थोड्या अंतराने चालू केला की काहीही होत नाही, हे आम्ही नंतर स्वतः करून पाहिले.

केबलची गोष्ट अधिक गंभीर आहे. ‘अडीच स्क्वेअर एमएम, शुद्ध तांबे’ म्हणून घेतलेल्या ५० मीटर केबलवर बासचा ठोका आला की आवाज क्षणभर तुटत असे. रंगमंचाकडच्या टोकाला मल्टीमीटर लावला, तेव्हा ठोक्यासरशी आकडा २०० व्होल्टच्या खाली घसरत होता आणि प्लग हाताला गरम लागत होता. विक्रेत्याने यावर स्टॅबिलायझर घेण्याचा सल्ला दिला. आमच्यातल्या एका वायरमनने केबलचे टोक सोलून एक तार ब्लेडने खरवडली. तांब्याचा पातळ थर निघाला आणि आत पांढरे ॲल्युमिनियम दिसले. अडीचच्या खऱ्या तांब्याच्या केबलचा जाण्यायेण्याचा मिळून रोध या लांबीला सुमारे ०.८ ओहम भरतो. आमचा ३ ओहमच्या घरात होता, म्हणजे तार जाडीतही कमी होती. १५ अँपिअरच्या ठोक्याला पहिल्या केबलमध्ये १२ व्होल्ट पडतात, दुसरीत ४५. शिवाय ॲल्युमिनियम स्क्रूखाली कालांतराने सैल होते आणि तिथेच आग लागण्याचा धोका असतो. वेटोळे उचलून पाहिले तरी संशय यावा, कारण अशी तार तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या तारेच्या निम्म्याहूनही हलकी असते.

खरवडलेली तार समोर ठेवल्यावर विक्रेत्याने केबलचे पैसे परत केले. जनरेटर मात्र त्याने परत घेतला नाही, कारण बिलात त्याची क्षमता खरीच लिहिलेली होती. आम्हाला तेवढ्या क्षमतेची गरज आहे, हे त्याने फक्त तोंडी सांगितले होते. म्हणून स्पीकरच्या पट्टीवरचे अँपिअर, त्यावरून केलेला केव्हीएचा हिशेब आणि केबलचा धातू व जाडी या गोष्टी पैसे देण्यापूर्वी कोटेशनमध्ये लिहून मागाव्यात आणि विक्रेता त्यावर सही करायला तयार नसेल, तर तिथे खरेदी करू नये.