गूगल सर्च कन्सोल: एसईओचं (साइट गूगलवर वर आणायचं) पॅकेज घ्यायच्या आधी हे फुकटचं वापरून बघा

डायरेक्ट सांगतो, नवीन वेबसाइट गूगलवर आणायची असेल तर पहिलं गूगल सर्च कन्सोल लावा, मग बाकीचं बघू. मामांचा सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे, टर्किश टॉवेल, नॅपकिन आणि थोड्या जकार्ड चादरी, तर त्यांची वेबसाइट झाली आणि ती बघायचं काम माझ्यावर आलं कारण घरात कंप्युटरवाला मीच. साइट चालू झाली की लगेच मामा चाटी गल्लीतल्या व्यापाऱ्यांना सांगत सुटले, गूगलवर टाका की, आपण दिसतोय. कुठलं काय, कारखान्याचं पूर्ण नाव टाकून पण येत नव्हतो.

सर्च कन्सोल म्हणजे आपली साइट गूगलला कशी दिसते ते दाखवणारं गूगलचंच टूल, आधी वेबमास्टर टूल्स म्हणायचे तेच, २०१५ मध्ये नाव बदललं. लावायला सोपं आहे, डोमेन (साइटचं नाव) जिथनं घेतलंय तिथं डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या सेटिंग्जमध्ये, गूगलने दिलेल्या कोडचा एक टीएक्सटी रेकॉर्ड टाकायचा, साइट तुमचीच आहे हे गूगलला पटलं की झालं. मग साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पानांची यादी, द्यायचा. एका साइटमॅपमध्ये ५०,००० पानं बसतात, आपल्यासारख्याची पन्नास पण होत नाहीत त्यामुळे ते टेन्शन नाही.

खरी कामाची गोष्ट म्हणजे यूआरएल इन्स्पेक्शन. वर पानाचा पत्ता टाकायचा, गूगलला ते पान माहीत आहे का, घेतलंय का, नसेल तर का नाही, सगळं सांगतं. आमच्या होमपेजला सरळ दाखवलं की नोइंडेक्स, म्हणजे 'हे पान सर्चमध्ये घेऊ नका' अशी खूण, लावलंय! वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये रीडिंगच्या खाली एक टिक असते, सर्च इंजिनांना येऊ नका सांगणारी, साइट बनवताना डेव्हलपर लोक ती लावून ठेवतात आणि काम झाल्यावर काढायचं राहतं. म्हणजे दुकानाचं उद्घाटन झालं पण शटर खालीच. टिक काढली, रिक्वेस्ट इंडेक्सिंग दाबलं, थोड्या दिवसात नावाने तरी यायला लागलो.

पण इंडेक्स होणं, म्हणजे गूगलच्या यादीत जाणं, वेगळं आणि वर येणं वेगळं, इथंच लोकांचा घोळ होतो. पेजेसच्या रिपोर्टमध्ये दोन शेरे सारखे दिसतात, 'डिस्कव्हर्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड' म्हणजे पान आहे हे कळलंय पण गूगल अजून आलाच नाही, आणि 'क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड' म्हणजे आला, बघितलं आणि तूर्तास ठेवून घेतलं नाही. दुसरा शेरा जास्त लागतो मनाला. आमची बरीच पानं तिथं पडली होती कारण प्रत्येक रंगाच्या टॉवेलला वेगळं पान आणि सगळीकडे तेच चार ओळींचं वर्णन, 'उत्तम क्वालिटी, वाजवी दर'. मग मामांना बसवून एकेका मालाची माहिती काढली, साइज किती, जीएसएम (कापडाचं वजन) किती, धुतल्यावर किती आटतो, होलसेलला कमीत कमी किती नग, आणि रंगांची सगळी पानं एकत्र करून टाकली. मामा एकदा बोलायला लागले की थांबत नाहीत पण साइटला तेच तर पाहिजे होतं.

परफॉर्मन्सचा रिपोर्ट तर मामांना पण आवडतो. लोक काय टाइप करून शोधताना आपली साइट दिसली, कितींनी क्लिक केलं, १६ महिन्यांपर्यंतचं दिसतं. त्यात एक सर्च सारखा दिसायला लागला, लग्नाच्या आहेराला टॉवेल-टोपी होलसेल. टोपी आपण बनवतच नाही, पण आहेराच्या टॉवेलचं वेगळं पान केलं, रेंज आणि पॅकिंग लिहिलं, आणि सध्या सगळ्यात जास्त फोन त्याच पानावरनं येतात. हे कुठला एजन्सीवाला सांगणार होता सांगा.

एजन्सीवरनं आठवलं. मध्ये एकाचं कोटेशन आलं होतं, नाव घेत नाही, पहिल्या नंबरची गॅरंटी, हजारो बॅकलिंक (दुसऱ्या साइटवरनं आपल्याकडे येणाऱ्या लिंका), मेटा कीवर्ड्स (पानाच्या कोडमध्ये लपवून लिहिलेले शब्द) वगैरे. मामा चेक लिहायच्या मूडमध्ये. गूगलच्या स्वतःच्या माहितीत स्पष्ट आहे की पहिल्या नंबरची गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही आणि फरक दिसायला साधारण चार महिने ते एक वर्ष लागतं. मेटा कीवर्ड्स रँकिंगला धरत नाही हे तर गूगलने २००९ लाच सांगितलंय, आणि रँकिंगसाठी विकत घेतलेल्या लिंका त्यांच्या नियमात स्पॅम धरतात. कोटेशन समोर ठेवून एकेक ओळ वाचून दाखवली तेव्हा चेकबुक आत गेलं. चांगले एसईओवाले पण असतात, नाही म्हणत नाही, पण ते आधी तुमच्या सर्च कन्सोलचा ॲक्सेस मागतात, ॲडव्हान्स नंतर.

आता पाचातला एक स्टार का कापला ते सांगतो. पक्के आकडे यायला दोनेक दिवस लागतात, रिक्वेस्ट इंडेक्सिंगला रोजची लिमिट आहे, आणि एकच पान परत परत दाबून लवकर होत नाही. ॲव्हरेज पोझिशन नावाचा आकडा नवीन माणसाला फसवतो, ती सरासरी असते, तुमच्या फोनवर तुम्ही कितवे दिसताय त्याच्याशी मेळ बसेलच असं नाही. साइटवर आल्यावर गिऱ्हाइकाने काय केलं ते इथं कळत नाही, त्याला गूगल ॲनालिटिक्ससारखं वेगळं टूल लावावं लागतं. आणि दुकानाला गिऱ्हाईक सोलापुरातलंच असेल तर आधी गूगल मॅपवरचं बिझनेस प्रोफाइल भरा, त्याला वेबसाइट पण लागत नाही.

पाचपैकी चार. बिंगवाल्यांचं पण वेबमास्टर टूल्स आहे, तिथं सर्च कन्सोलवरनंच साइट इंपोर्ट होते, एका चहात काम होतं, ते पण उरकून घ्या.