इडियमसाठी ऑक्सफर्डची जाडी डिक्शनरी घ्यावी का?

स्पोकन इंग्लिशची पुस्तकं ढिगानं मिळतात, पण बहुतेक सगळी इडियमपुढे, म्हणजे इंग्रजीतल्या वाक्प्रचारापुढे, एक शब्द टाकून मोकळी होतात. ब्राइट-आइड अँड बुशी-टेल्ड म्हणजे उत्साही, चँपिंग ॲट द बिट म्हणजे उत्साही, रेअरिंग टु गो पण उत्साहीच, मग कुठला कुठे वापरायचा ते तुमचं तुम्ही बघा!

ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी इथे खरंच कामाला येते. मुळात ती इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीच बनलीये, हॉर्नबी नावाच्या इंग्रज मास्तरांनी जपानात इंग्रजी शिकवता शिकवता केलेली, पहिल्यांदा छापली तीही टोकियोत, 1942 ला. त्यामुळे अर्थ सोप्या शब्दांत, आणि इडियम बोलण्यातला असेल तर तसं शेजारीच लिहिलेलं असतं. हे फार महत्त्वाचंय हो. बुशी-टेल्ड म्हणजे खारीसारखी झुपकेदार शेपटी, डोळे लख्ख, सकाळी सकाळी टुणटुणीत होऊन हजर झालेल्या माणसाला जरा चिडवत म्हणायची गोष्ट ती, नोकरीच्या अर्जात लिहिली तर एचआरवाले हसतील. (आपल्याकडे शेपूट फक्त घालायच्या कामाची!) चँपिंग ॲट द बिटमध्ये घोडा आहे, तोंडातली लगामाची कडी चावतोय कारण त्याला सोडत नाहीयेत, म्हणजे नुसता उत्साह नाही, त्यात अडवल्याची चडफड पण आली. अमेरिकन लोक त्यालाच चॉम्पिंग म्हणतात. रेअरिंग टु गो त्या मानानं साधा, मॅचआधी टीमचे हात शिवशिवतायत, तिथे बिनधास्त वापरा.

वैताग एकच, शोधायचं कुठे. इडियम सहसा त्यातल्या पहिल्या महत्त्वाच्या शब्दाखाली असतो, पण तो शब्द गेट, कीप, गुड, बॅड असला फारच कॉमन निघाला की पुढच्या शब्दाखाली बघायचं, सुरुवातीला पानं उलटून जीव जातो. आणि लगामाची भानगड नेमकी काय हे प्रत्येक इडियमला सांगत बसत नाहीत.

वेबसाइट फुकट आहे, ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही उच्चार ऐकता येतात, एखादाच शब्द अडला तर तेवढी पुरे. पोरांना पानं चाळायची सवय लावायची असेल तर मात्र पुस्तकच घ्या, दहावी आवृत्ती 2020 ची आहे, पण पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत जुनी आठवी किंवा नववी सेकंडहँड मिळाली तरी उचला, हे इडियम त्याच्या कितीतरी आधीचे आहेत.