९९९ गानमाओ लिंग : वनौषधी आणि पॅरासिटामॉल एकाच पुडीत

चीनमध्ये सर्दी-तापावर सर्रास घेतल्या जाणाऱ्या तयार औषधांपैकी ‘९९९ गानमाओ लिंग’ हे दाणेदार औषध बारकाईने पाहण्याजोगे आहे, कारण पारंपरिक चिनी वैद्यक आणि आधुनिक औषधे यांचा मेळ येथे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नव्हे, तर थेट कारखान्यात, १० ग्रॅमच्या पुडीत घातला जातो. रानशेवंती, सानचाकू, गांगमेई आणि जिनझान यिनपान या चार वनस्पतींबरोबर त्या पुडीत २०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल, ४ मिलिग्रॅम क्लोरफेनिरामाइन (ॲलर्जीवरील औषध), ४ मिलिग्रॅम कॅफीन आणि थोडे पुदिन्याचे तेल असते. प्रौढांनी दिवसातून तीन वेळा एकेक पुडी गरम पाण्यात विरघळवून घ्यायची असते. चव गोडसर आहे. पण तो गोडवा साखरेचा असल्यामुळे मधुमेहींनी सावध राहावे.

या औषधाने वाहते नाक थांबते, याचे बरेचसे श्रेय क्लोरफेनिरामाइनला द्यावे लागेल, आणि पुडी घेतल्यावर येणारी गुंगीही त्याचीच. ४ मिलिग्रॅम कॅफीन ही गुंगी घालवू शकेल असे मला वाटत नाही, कारण कॉफीच्या एका कपात त्याच्या कितीतरी पट कॅफीन असते. म्हणून पुडी घेऊन वाहन चालवू नये.

पॅरासिटामॉलचा मुद्दा अधिक गंभीर आहे. तीन पुड्यांतून दिवसाला जेमतेम ६०० मिलिग्रॅम मिळते, तर प्रौढांना एका वेळीच ५०० ते १००० मिलिग्रॅम दिले जाते. त्यामुळे चढलेला ताप पुडीने पुरेसा उतरत नाही आणि रोगी साहजिकच तापाची वेगळी गोळी घेतो. निरोगी प्रौढाला एवढ्याने सहसा अपाय होत नाही. मात्र सोबत सर्दीचे आणखी एखादे मिश्रण घेतले, आणि यकृत आधीच दुबळे असले किंवा मद्यपानाची सवय असली, तर प्रत्येक पाकिटातून थोडे थोडे साचणारे पॅरासिटामॉल यकृतावर घाला घालू शकते. ‘ही तर झाडपाल्याची पुडी’ असे समजणारा रोगी ही बेरीज करीतच नाही, आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते.

चिनी वनौषधी विषाणूजन्य आजारात निरुपयोगी आहेत, असे मी म्हणणार नाही. २००९ च्या एच१एन१ (स्वाइन फ्लू) साथीत चीनमधील ४१० रुग्णांवर एक चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. ताप उतरण्याचा मध्यक काळ औषधाविना २६ तास, ऑसेल्टामिविर या फ्लूविरोधी औषधाने २०, माशिंगशिगान–यिनच्याओसान या चिनी वनौषधी काढ्याने १६ आणि दोन्ही मिळून १५ तास असा आढळला. चाचणीत औषधासारखे दिसणारे पण निष्क्रिय द्रव्य (प्लासिबो) दिलेला गट नव्हता आणि आपल्याला काय मिळते आहे हे रुग्णांना ठाऊक होते, त्यामुळे हे आकडे जपूनच वाचावेत. तरीही दोन्ही एकत्र दिल्याचा लाभ निव्वळ काढ्याहून फारसा वाढला नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. शिवाय तो काढा वेगळा, त्यात माहुआंगसारखी (एफेड्रा ही वनस्पती) द्रव्ये होती. त्याचे यश या पुडीच्या खात्यावर जमा करता येत नाही.

सौम्य सर्दीत, इतर कोणतेही सर्दीचे औषध चालू नसताना, ही पुडी घेण्यास माझी हरकत नाही. फ्लूसाठी डॉक्टरांनी ऑसेल्टामिविर दिले असेल, तर पुडीच्या भरवशावर ते लांबणीवर टाकू नये, कारण लक्षणे दिसल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केल्यास त्याचा सर्वाधिक उपयोग होतो. उत्पादकाकडे माझे एकच मागणे आहे : पॅरासिटामॉलची मात्रा औषधाच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत, पुडीच्या दर्शनी बाजूस छापावी.