मिंट एक्सएफसीईवर ‘शिकागो95’ थीम: काही महिने वापरून झाल्यावर

14 ऑक्टोबर 2025ला विंडोज 10चा सपोर्ट संपला. माझ्या लॅपटॉपमध्ये सहाव्या पिढीचा आय5 प्रोसेसर, म्हणजे विंडोज 11च्या यादीतून तो बाद. मशीन मात्र ठणठणीत. दिवाळीच्या सुट्टीत त्यावर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत सिस्टिम) टाकली, तीही एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपची आवृत्ती, आणि वर विंडोज 95चं रूप देणारी ‘शिकागो95’ थीम चढवली. (शिकागो हे विंडोज 95चं बाजारात येण्याआधीचं कोडनेम.) तेव्हापासून घरचं सगळं काम यावरच चालतं.

नक्कल हुबेहूब आहे: राखाडी टास्कबार, निळा टायटल बार, मोरपंखी डेस्कटॉप. पण त्याची गंमत आठवडाभरात ओसरते, आणि मग खरा उपयोग कळायला लागतो. इथे बटण हे बटण दिसतं. वरच्या आणि डाव्या कडेला पांढरी रेघ, खालच्या आणि उजव्या कडेला काळी. दाबलं की दोन्हींची अदलाबदल होते आणि ते आत गेल्यासारखं वाटतं. विंडोला माउसने धरता येईल अशी कड आहे. एकावर एक चार विंडो उघड्या असल्या तरी चालू कुठली, ते निळ्या पट्टीवरून लगेच कळतं. हल्ली पांढऱ्यावर पांढरं ठेवून मधे पुसटशी सावली देतात, त्यात नेमका हाच घोळ होतो. बाबांना लॅपटॉप दिला तर काही न विचारता त्यांनी स्टार्ट दाबून पत्त्यांचा खेळ शोधून काढला. हे लिनक्स आहे, हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

तक्रार आहे ती अशी, की थीमचा अंमल दारापर्यंतच चालतो. फाइल मॅनेजर आणि लिब्रेऑफिस नीट रांगेत येतात, पण ग्नोम या दुसऱ्या लिनक्स डेस्कटॉपचे नवे प्रोग्रॅम, म्हणजे ‘लिबअद्वैता’ हा रूप ठरवणारा संच वापरणारे, स्वतःचाच गोलसर टायटल बार घेऊन येतात आणि थीमला जुमानत नाहीत. फायरफॉक्समध्ये स्क्रोलबार कायम दिसत राहील एवढी सोय सेटिंगमध्ये आहे, ती आधी चालू करा. वेबपेजं अर्थातच आजचीच. दिवसाचा बराच वेळ ब्राउझरमध्ये जात असेल, तर 1995 तुमच्या वाट्याला फक्त चौकटीपुरतं येणार.

आता देवनागरी. जुना खडबडीतपणा हवा असेल तर फाँटचं अँटीअलायझिंग, म्हणजे अक्षरांच्या कडा मऊ करणं, बंद करतात. इंग्रजी अक्षरांना ते शोभतं. मराठीत मात्र लहान आकारात ‘सर्वांना’ लिहिलं की रफार आणि अनुस्वार मिळून डोक्यावर एकच काळा डाग उरतो. मी ते लगेच परत चालू केलं. शिवाय अगदी जुने बिटमॅप (ठिपक्याठिपक्याने रेखलेले) फाँट, 2019च्या पँगो 1.44पासून (पँगो म्हणजे अक्षरं मांडणारा सॉफ्टवेअरचा भाग), जीटीकेवर बांधलेल्या, म्हणजे एक्सएफसीईसारख्या, प्रोग्रॅममध्ये चालतच नाहीत, त्यामुळे तंतोतंत तसं दिसण्याचा हट्ट सोडलेलाच बरा.

आणि खरं सांगायचं तर मराठीपुरता तो काळ काही सोन्याचा नव्हता. विंडोज 95 आणि 98मध्ये सिस्टिमला देवनागरी ठाऊकच नव्हती. श्रीलिपी, आकृतीसारख्या फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असायचे. पेजमेकरमध्ये लग्नपत्रिका जुळवायची, आणि ज्या मशीनवर तो फाँट नाही तिथे उघडली की ‘चि. सौ. कां.’च्या जागी चित्रविचित्र चिन्हं. फाइलचं नाव तर रोमनमध्येच द्यावं लागायचं. मंगल फाँट आणि युनिकोड देवनागरी आली ती विंडोज 2000पासून. माझ्या आजच्या टायटल बारमध्ये ‘वीजबिलं’ असं फोल्डरचं नाव झळकतं. असलं विंडोज 95 खऱ्या 95 साली कुणाकडेच नव्हतं, आणि मला तेच जास्त आवडतं.

मशीन सुरू होतानाचा तो आवाज मी दोन दिवसांत बंद केला. रात्री अकराला घरात कुणालाच नको असतो.

टाकायचं असेल तर आधी स्क्रीन बघा. एक्सएफसीईच्या टायटल बारवरची बटणं म्हणजे पिक्सेलमध्ये रेखलेली चित्रं, ती आपोआप मोठी होत नाहीत. 1366×768 किंवा फुल एचडीवर काही अडचण नाही. 4के स्क्रीनवर विंडो बंद करायचं बटण मुंगीएवढं दिसेल. तशी स्क्रीन असेल तर या थीमच्या नादी लागू नका, नुसतं एक्सएफसीई टाका.